खालच्या वाड्याचा नळ आणि पडलेले सरकार

पालखोल, तालुका पेडणे,
मंगळवार, ७ जून १९८८

ती. स्व. मधुकरभावोजींच्या चरणी पालखोलहून शिवदासाचा साष्टांग नमस्कार. अक्काला वेगळा नमस्कार लिहीत नाही. मागच्या वेळी वेगळा लिहिला तेव्हा आपल्याला पहिला आणि तिला दुसरा का, अशी विचारणा तिच्याकडून आली होती. तरी हा एकच नमस्कार दोघांनी समान वाटून घ्यावा. आपली प्रकृती उत्तम असेल असे धरूनच पुढचे लिहितो. तशी नसल्यास आधी औषध घ्यावे आणि मग वाचावे, कारण मजकूर लांब आहे. अक्काच्या गुडघ्याला नारायण तेलाने उतार पडला का ते कळवावे. इकडे आम्ही सर्व खुशाल. आंबे संपले, फणस काही केल्या संपत नाहीत, रातांब्यांची सोलां वाळवून झाली, दुकान बरे चालले आहे. सुमंगलेची तब्येतही ठणठणीत आहे, इतकी की सध्या माझी ही बायको विरोधी पक्षात आहे. हे वाक्य वाचून अक्का दचकेल, म्हणून सगळे पहिल्यापासून सांगतो.

गेल्या वर्षी तीस मे रोजी गोवा घटकराज्य झाले हे आपण सावंतवाडीत रेडिओवर ऐकले असेल. (आम्हीही रेडिओवरच ऐकले. पालखोलात त्या दिवशी वेगळे असे काही घडले नाही. फक्त पोदेराने पाव उशिरा आणला आणि राज्य झाल्यामुळे उशीर झाला असे सांगितले, ते सगळ्यांना पटले.) तोपर्यंत आम्ही केंद्रशासित होतो, दमण आणि दीव यांच्यासह. दमणचा माणूस पालखोलात कोणी पाहिलेला नाही आणि पालखोलचा माणूस दमणमध्ये कोणी पाहिला असेल असे वाटत नाही, तरी इतकी वर्षे आमचा संसार एकत्र होता. आता ते दोघे दिल्लीकडे राहिले आणि आमची चूल वेगळी झाली. तर या गोष्टीला वर्ष होत आले तेव्हा गावच्या वाचनालयाने घटकराज्य दिन साजरा करायचे ठरवले. लोकांना नाटक पाहिजे होते. पण वाचनालयाचे अध्यक्ष आमचे रामचंद्र मास्तर. (आपल्याला आठवत असतील. आपल्या लग्नात मंगलाष्टके त्यांनीच म्हटली होती आणि उत्साहाच्या भरात दोन कडवी स्वतःची घातली होती.) ते म्हणाले की नाटके आपण जत्रेला करतोच, यंदा अभिरूप विधानसभा भरवू. म्हणजे खोटीखोटी विधानसभा, पण नियम सगळे खरे. आपले राज्य झाले ते चालते कसे, हे गावाला एकदा डोळ्यांनी दिसू दे. माडाची सूर काढणाऱ्या सगुण रेंदेराने विचारले की यात राजाची भूमिका आहे का आणि पेटी-तबला असणार का. लोकशाहीत राजा नसतो म्हटल्यावर त्याचा अर्धा उत्साह गेला आणि पेटी नसते म्हटल्यावर उरलेला. पण अर्थमंत्र्याला सगळ्यांत लांब भाषण असते असे मास्तरांनी सांगितले तेव्हा तो अर्थमंत्री व्हायला तयार झाला आणि रोज माडावर चढताना भाषण पाठ करू लागला.

मुख्यमंत्री म्हणून श्रीनाथाला घेतले. तो आमचा खरा सरपंच, शिवाय त्याच्याकडे जाकीट आहे. विरोधी पक्षनेत्या कमलाक्षीबाय, बालवाडीच्या. मास्तर त्यांना भितात, आणि ज्याला आपण भितो त्याला समोरच्या बाकावर बसवावे, निदान दिसत तरी राहतो, असे मास्तरांचे मत. सभापती मी. कारण असे दिले की शिवदासाच्या पोसऱ्यावर सगळा गाव येऊन भांडतो, पण तो कधी कोणाची बाजू घेत नाही. (दुकानाला आम्ही पोसरो म्हणतो, हे अक्का तिकडे राहून विसरली नसेल.) सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही स्तुती समजून घेतली. पण भावोजी, आपल्याला म्हणून सांगतो, यात तत्त्व वगैरे काही नाही. दुकानाची जागा श्रीनाथाची, आणि दुकानातून सामान नेणारे बहुतेक खालच्या वाड्याचे. बाजू घेणाऱ्या दुकानदाराचा निम्मा तांदूळ पोत्यातच राहतो.

सुमंगलेला मास्तरांनी सत्ताधारी बाकावर बसवले. तिकडे एक तरी बाई दिसायला हवी होती. तिला वाक्य एकही नव्हते. मास्तरांनी सगळे कामकाज लिहून काढले होते, त्यात तिच्यासाठी कंसात एवढेच होते की सुमंगला मान हलवते.

तालमीपेक्षा मास्तरांची व्याख्यानेच जास्त झाली. या देशात दोन सरकारे असतात, एक दिल्लीला आणि एक ज्याच्या त्याच्या राज्यात, आणि कोणी काय बघायचे याच्या राज्यघटनेत तीन याद्या करून ठेवल्या आहेत, त्यांना सूची म्हणतात. टपाल, रेल्वे, नोटा, लढाई हे केंद्राचे. पाणी, पोलीस, दारू हे राज्याचे. आणि काही गोष्टी दोघांच्या, त्यांना समवर्ती म्हणायचे. त्यात दोघांचे पटले नाही तर बहुधा केंद्राचे खरे. लग्न या तिसऱ्या यादीत येते असे मास्तरांनी सांगितले तेव्हा सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मासेमारीचे तर आणखी बारीक आहे. किनाऱ्याजवळची राज्याची आणि खोल समुद्रातली केंद्राची. हे ऐकून मासे विकणारी गंगा, जी तालीम बघायला टोपली घेऊनच यायची, म्हणाली, "मगीर केंद्राचो बांगडो सवाय कित्याक ना?" स्वस्त का नाही, याचे उत्तर मास्तरांनी पुस्तकात पाहून सांगतो म्हटले आणि ते अजून पाहत आहेत. भाषेचाही प्रश्न आला होता. मास्तरांनी सगळे मराठीत लिहिलेले. लोक पाठ होते तोवर मराठीत बोलायचे आणि मध्येच अडले किंवा राग आला की कोकणीवर यायचे. या विषयावर पणजीत काय काय झाले ते आपण पेपरात वाचले आहेच; पालखोलात मात्र वाद झाला नाही, कारण कोणाला केव्हा राग आला ते त्यामुळे लगेच कळायचे.

तीस तारखेला संध्याकाळी सातेरीच्या देवळाच्या सभामंडपात विधानसभा भरली. डावीकडे सत्ताधारी सहा, उजवीकडे विरोधक चार, मध्ये उंच पाटावर मी. राज्यपाल म्हणून मास्तरांचे फोंड्याचे व्याही बोलावले होते. त्यांनी अभिभाषण वाचले. राज्यपालाने दर चार वाक्यांनी 'माझे सरकार' असे म्हणायचे असते, जरी ते त्याचे नसले आणि भाषणही दुसऱ्याने लिहून दिलेले असले तरी. ते त्यांनी फार छान म्हटले, नंतर पातोळ्या खाल्ल्या आणि शेवटची बस गाठायला निघून गेले. ही गोष्ट त्या वेळी कोणाला महत्त्वाची वाटली नाही.

मग प्रश्नोत्तरे. लिहिल्याप्रमाणे कमलाक्षीबायनी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल विचारायचे, श्रीनाथाने खड्डे लवकरच बुजवले जातील असे सांगायचे, सुमंगलेने मान हलवायची आणि सगुणाने अर्थसंकल्प मांडायचा. कमलाक्षीबाय उठल्या, खड्ड्यांचा कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या की माझा प्रश्न मुख्यमंत्र्यांना आहे आणि तो खालच्या वाड्याच्या नळाचा आहे.

इथे थोडे सांगायला हवे. वरच्या वाड्यात नळ येऊन बरीच वर्षे झाली. पाईप श्रीनाथाच्या कुंपणापाशी येऊन थांबला आहे. तिथून खाली आमच्या वाड्यात आणायचा तर पंचायतीचा ठराव पाहिजे, त्यावर सरपंचाची सही पाहिजे, आणि पाईप जाणार श्रीनाथाच्या काजूच्या बागेतून, म्हणजे मालक म्हणूनही त्याचीच संमती पाहिजे. खात्याची तयारी आहे, अडले आहे ते श्रीनाथापाशी. माणूस वाईट नाही. कोणी विचारले की प्रेमाने पाठीवर हात ठेवतो आणि "पळोवया" म्हणतो. बघूया. हे बघणे सुरू असताना वाड्यातल्या सगळ्या बायका शेताच्या मेरेवरच्या विहिरीवरून पाणी आणतात, आणि ती वाट उतरणीची, पावसात शेवाळाने गुळगुळीत होणारी.

श्रीनाथ आधी गोंधळला, मग हसला आणि म्हणाला की हा विषय केंद्राचा आहे. पडद्यामागून मास्तर खोकले. पाणी राज्याच्या सूचीत येते हे त्यांनीच तालमीत शिकवले होते. तेव्हा श्रीनाथ म्हणाला की हे आधीच्या सरकारने करायला हवे होते. कमलाक्षीबायनी विचारले की आधीचे सरपंच कोण होते ते सभागृहाला सांगावे, आणि आधीही श्रीनाथच होता. शेवटी त्याच्या तोंडून सवयीने "पळोवया" निघून गेले. खालच्या वाड्याचे लोक मंडपाच्या कडेला उभे होते. त्यांच्यातून एक विचित्र आवाज आला, हसण्याचा म्हणावा तर तसा नव्हता. कमलाक्षीबाय म्हणाल्या की मी या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडते.

मास्तर पडदा बाजूला करून राज्यघटना हातात घेऊनच बाहेर आले. असा ठराव मांडता येतो, पण आधी सूचना द्यावी लागते, वेळ ठरवावी लागते, असे ते सांगू लागले. लोक म्हणाले की एवढे खरे नियम आणलेत तर हाही चालवा. मी सभापती म्हणून हात वर करायला सांगणार होतो. सहा विरुद्ध चार, सरकारला धोका नव्हता, आणि घरी जाऊन जेवायचे एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तेवढ्यात सुमंगला उभी राहिली.

मला वाटले मान हलवायची राहिली म्हणून उठली. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सभापतीनूं, म्हाका इतलेंच सांगपाचें आसा." (मला सभापती म्हणणारी ती गावात पहिलीच.) आणि मग तिने अगदी हळू आवाजात सांगितले. ती म्हणाली की मागच्या पावसात त्या उतरणीवर मी दोनदा पडले. पहिल्यांदा कोपर फुटले ते पदराखाली झाकले. दुसऱ्यांदा तांब्याची कळशी चेपली. घरात विचारले तेव्हा मांजराने पाडली म्हणून सांगितले. माणसे सकाळी उठतात तेव्हा हंडे भरलेले असतात, म्हणून त्यांना वाटते की पाणी घरातच असते. एवढे बोलून तिने आपली कदेल उचलली, मंडप ओलांडून कमलाक्षीबायच्या शेजारी ठेवली आणि तिच्यावर बसली.

भावोजी, ती कळशी मला आठवत होती. मी तिला विचारलेही होते, आणि मांजराने पाडली म्हटल्यावर मांजरांना दोन शिव्या देऊन दुकानात गेलो होतो. आमच्या घरी मांजर नाही. ही गोष्ट मला सभापतीच्या पाटावर बसल्यावर सुचली.

आता पाच आणि पाच. मास्तरांना या सगळ्यात घाम फुटला होता, पण डोळे मात्र चमकत होते. इतकी वर्षे नागरिकशास्त्र शिकवले, पण वर्गात सरकार पडण्याच्या बेताला कधी आले नव्हते. त्यांनी सांगितले की निवडून आलेल्या सभासदाने असा पक्ष सोडला तर पक्षांतरबंदीच्या कायद्याने त्याची जागा जाऊ शकते. सगळे माझ्या बायकोकडे बघू लागले. तर मग जागा जाते की राहते हे कोणी ठरवायचे, असे श्रीनाथाने विचारले. मास्तरांनी पान उलटले आणि म्हणाले, सभापतीने. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी निर्णय राखून ठेवला. तो अजून राखलेलाच आहे आणि मी जिवंत आहे तोवर राखलेला राहील. पण मास्तरांनी दुसरे पान उलटले. मते समान पडली तर सभापतीचे मत निर्णायक असते. यावर राखून ठेवण्याची सोय घटनेत नव्हती. मी चहासाठी सभा तहकूब केली.

राज्ये कशी चालतात ते मला त्या चहात कळले. श्रीनाथ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. दुकानाची जागा काढून घेईन असे त्याने म्हटले नाही, तसा तो माणूसही नाही. तो एवढेच म्हणाला की पोसऱ्यामागची खोली तुला पोती ठेवायला पाहिजे होती ना, ती रिकामीच आहे, बघूया. मी बशीत चहा ओतला. तेवढ्यात सुमंगला दुसरा कप घेऊन आली, कारण पहिल्यात साखर कमी होती हे तिला माझ्या तोंडाकडे बघून लांबूनच समजले होते. कप देताना तिच्या कोपरावर एक वण दिसला. तो कधीचा ते मी विचारले नाही. विचारले असते तर तिने पुन्हा मांजराचे नाव सांगितले असते.

परत पाटावर बसलो आणि हात वर करायला सांगितले, तर खरेच पाच इकडे आणि पाच तिकडे. मी म्हणालो की सभापतीचे मत नळाच्या बाजूने आहे. मास्तर म्हणाले की तसे चालत नाही, ठरावाच्या बाजूने की विरुद्ध ते सांगा. मी म्हटले, बाजूने. झाले, सरकार पडले. खालच्या वाड्याने टाळ्या वाजवल्या, वरच्या वाड्याने थोडा विचार करून वाजवल्या, आणि सगुणाने विचारले की आता माझ्या अर्थसंकल्पाचे काय. त्याचे भाषण राहूनच गेले. परवा त्याने ते माडावरून म्हटले, म्हणतात.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. सकाळी दुकान उघडले तर श्रीनाथ दारात. मी तराजूच्या मागे जरा सरकूनच उभा राहिलो. त्याने नेहमीसारखी चहाची पूड घेतली, साबण घेतला, पिशवी उचलली, परत खाली ठेवली आणि विचारले, "शिवदास, म्हजो राजिनामो आतां कोणाक दिवंचो?" मी त्याच्याकडे नीट पाहिले. तो थट्टा करत नव्हता. रात्रभर झोपला नसावा. इतकी वर्षे तो बिनविरोध सरपंच आहे. आपल्या विरुद्ध हात वर होताना त्याने पहिल्यांदाच पाहिले होते, आणि ते सगळे हात ओळखीचे होते.

मुख्यमंत्र्याने राजीनामा राज्यपालाकडे द्यायचा असतो. राज्यपाल बस पकडून फोंड्याला गेलेले. मास्तरांना विचारले तर ते म्हणाले की राजीनामा दिला की नवे सरकार येईपर्यंत त्याला काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणतात. इथे राजीनामाच द्यायचा राहिला आहे, तरी तसेच धरू. हा शब्द माझ्या दुकानातून बाहेर पडला आणि दुपारपर्यंत गावभर झाला. पोदेर सायकलवरून ओरडून काळजीवाहूंना नमस्कार करू लागला. गंगा श्रीनाथाच्या फाटकाशी जाऊन काळजीवाहू बांगडे घेतात का, असे विचारू लागली. श्रीनाथ सगळ्यांना हसून उत्तरे द्यायचा, पण त्याने जाकीट घालणे सोडले.

दोन दिवसांनी कमलाक्षीबाय पाईपाचा खरा अर्ज घेऊन खऱ्या पंचायतीत गेल्या. श्रीनाथाने अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला की काळजीवाहू माणसाला धोरणाचे निर्णय घेता येत नाहीत, मास्तरांना विचारा. त्या म्हणाल्या की ते देवळातले, हे पंचायतीतले, दोन्हींचा काय संबंध. तो म्हणाला की देवळात मला पाडलेत आणि पंचायतीत मला त्या नावाने हाक मारता, तेव्हा संबंध आहे की नाही ते आधी तुम्हीच ठरवा. मास्तरांना बोलावणे गेले. त्यांनी विधानसभा वेगळी, पंचायत वेगळी, प्रत्येकाचे अधिकार वेगळे, हे सगळे पुन्हा समजावले. श्रीनाथाने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हज्या आंगांत दोन सूची नात, मास्तर. हांव एकूच मनीस."

मग त्याने काय पाहिजे ते सांगितले. त्याला रीतसर राजीनामा द्यायचा आहे. सगळा गाव जमलेला असताना, राज्यपालांच्या हातात. राज्यपालांनी तो घ्यावा, इतकी वर्षे केलेल्या कामाबद्दल त्याचे आभार मानावेत आणि त्याच्याशी हस्तांदोलन करावे. मग तो मोकळा, आणि सरपंच म्हणून सही करायलाही मोकळा. कमलाक्षीबायना हा हट्ट वाटला. मला वाटला नाही. चारचौघांत पडलेल्या माणसाला चारचौघांतच कोणी हात देऊन उठवावे असे वाटले तर त्यात चूक काय.

म्हणून फोंड्याला निरोप धाडला. व्याही म्हणाले की मला फक्त भाषण वाचायचे सांगितले होते, सरकारे पाडायचे सांगितले नव्हते, आणि पुन्हा पेडण्याकडे येण्याची त्यांची तयारी नाही. नाहीतरी ते चालणार नव्हते. कमलाक्षीबायनी मधल्या काळात मास्तरांचे पुस्तक घरी नेऊन वाचले आहे (मास्तर त्या दिवसापासून अस्वस्थ आहेत) आणि त्यांनी हरकत घेतली की राज्यपाल परराज्यातला असण्याचा संकेत आहे, म्हणजे त्याचे इथल्या कोणत्याच बाजूला लागेबांधे नसतात. डिचोलीला खाणीवर ट्रक चालवणारा एक कुडाळचा माणूस सुचवला गेला, पण तो कमलाक्षीबायचाच मावसभाऊ निघाला.

असे सगळे चालले आहे. बाकी कळवण्यासारखे काही नाही. फणस न्यायला कोणी येत असेल तर कळवावे. आपल्या आशीर्वादाने सगळे ठीक आहे, आणि खरे सांगायचे तर मला या दिवसांत बरेच वाटते आहे. गावात माणसे एकमेकांशी बोलत आहेत, निदान विचारत तरी आहेत की आता पुढे काय.

आपला धाकटा मेहुणा,
शिवदास

ता. क. : मजकूर वाचून आपल्या लक्षात आले असेलच की सावंतवाडी महाराष्ट्रात येते. तरी येत्या रविवारी आपण पालखोलला येऊन दोन तासांसाठी राज्यपाल व्हावे अशी गावाची एकमुखाने विनंती आहे. आपण आमचे भावोजी म्हणजे लागेबांधे आहेत, हे मी कमलाक्षीबायना स्वतःहून सांगितले. त्या म्हणाल्या की भावोजी मेहुण्याची बाजू घेतो असे आजवर कुठे घडलेले नाही. आपण एस.टी.त वाहतूक नियंत्रक होता. दुसऱ्यांनी ठरवलेले वेळापत्रक दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी गंभीर आवाजात वाचून दाखवायचे आणि स्वतः कुठे जायचे नाही, हे काम आपण निवृत्त होईपर्यंत निर्दोष केले आहे. मास्तर म्हणतात की यापेक्षा चांगली तयारी खऱ्या राज्यपालांचीही नसते. निरोपसमारंभाचा काळा कोट आणावा. अक्काने सोबत यावेच. राज्यपालांच्या पत्नीला पहिल्या रांगेत, श्रीनाथाच्या घरची वेताची कदेल ठेवली आहे.

ता. क. दुसरा : वरचे लिहून पाकीट बंद करणार तेवढ्यात श्रीनाथ दुकानात आला. आजूबाजूला कोणी नाही हे बघून त्याने हळूच सांगितले की ठरावावर त्याने शनिवारीच सही केली, बागेतून पाईप न्यायची संमतीही दिली आणि कागद पेडण्याला गेलेसुद्धा. काल खात्याचा माणूस येऊन काजूच्या झाडांमधून खुणा करून गेला. हे कोणाला कळले तर राजीनामा ऐकायला कोण येणार, म्हणून गुप्त ठेवायचे. मी शब्द दिला. संध्याकाळी कमलाक्षीबाय आल्या आणि त्यांनीही हेच हळूच सांगितले, कारण कागद पेडण्याला घेऊन त्याच गेल्या होत्या. आणि हे कळले तर नवी मुख्यमंत्री म्हणून माझा शपथविधी बघायला कोण येणार, म्हणून त्यांचेही गुप्त ठेवायचे. थोड्या वेळाने गंगाही हळूच सांगून गेली. म्हणजे सगळ्या गावाने सगळ्या गावापासून लपवलेली ही गोष्ट आहे. आपणही कळल्याचे दाखवू नये. नळाची अडचण आता राहिलेली नाही, तरी आपण यायलाच पाहिजे.

ता. क. तिसरा, हा फक्त आपल्यासाठी, अक्कालाही नंतर दाखवावा : नव्या मंत्रिमंडळात सुमंगलेला पाणीपुरवठा खाते दिले आहे. शपथ राज्यपालांनी द्यायची असते, म्हणजे आपण. चार दिवस ती स्वयंपाकघरात आदोळीवर नारळ किसताना शपथ म्हणते आणि मी बाहेर बसून ऐकतो. तिला सगळी पाठ झाली आहे, पण सुरुवात ती नेहमी 'ईश्वरसाक्ष' पासून करते. त्याच्या आधी स्वतःचे नाव घ्यायचे असते, तेवढे सोडून देते. लाजत असेल, किंवा सवय नसेल. या घरात आल्यापासून तिला मी गो म्हणतो, शेजारीपाजारी पोसरकाराची बायल म्हणतात. तिचे नाव मोठ्याने कोणी घेतल्याचे मला तरी आठवत नाही, आणि तिने स्वतः घेतल्याचे तर नाहीच. मास्तरांनी सांगितले की शपथ देताना राज्यपालांनी फक्त 'मी' एवढे म्हणायचे असते आणि थांबायचे असते. तर भावोजी, तेवढे नीट करावे. 'मी' म्हणावे आणि थांबावे. तिला वेळ लागला तरी घाई करू नये, मास्तर खोकले तरी लक्ष देऊ नये. पुढचे तिचे तिला येते.